संगणकावरचा गंधार

मागील अंकांत पाठांतराविषयीं आम्हीं जें लिहिलें त्यावर बरींच पत्रें आलीं आहेत. त्यांचा परामर्श पुढें सवडीनें घेऊं. ह्या महिन्यांत विषय अगदीं निराळा आहे. तो आमच्या घराच्या पडवींतच उपस्थित झाला म्हणून त्यावर लेखणी उचलण्याचें धाडस करीत आहों. एरव्हीं जुन्या अकरावीचा मॅट्रिक, सारा जन्म मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत घालविलेला संस्कृतचा मास्तर, आणि संगणक, ह्यांचा संबंध तो काय?

त्याचें असें झालें. आमच्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे. लहानपणीं ती येथेंच रत्नागिरीस बुवांकडे गाणें शिकली, मध्यमेपर्यंतच्या परीक्षा दिल्या, आणि पुढें नोकरीच्या धबडग्यांत तें सारें मागें पडलें. ह्या वर्षीं मे महिन्यांत पंधरा दिवसांची रजा काढून ती आली, ती दोन जुने लॅपटॉप बरोबर घेऊन. दुसऱ्याच दिवशीं तिनें आळींतलीं मुलें जमविलीं. घरचीं तीन, शेजारचीं चार, आणि आमच्या आगरांत नारळ पाडावयास येणाऱ्या गड्याचा मुलगा एक, अशीं आठ. "काय शिकविणार?" असें आम्हीं विचारतां ती म्हणाली, "काका, संगणकावर गाणें करायला शिकवणार." 'गाणें करणें' हा प्रयोग आमच्या कानांस खटकला. गाणें म्हणावें, गाणें ऐकावें, फार तर बसवावें. परंतु तिला अभिप्रेत होतें तें हेंच, कीं मुलांनीं दुसऱ्याचें गाणें म्हणण्याऐवजीं स्वतःचें रचावें, आणि तेंही गळा किंवा हात तयार होण्याची वाट न पाहतां.

आमचे बंधु, ज्यांस घरांत सारे दादा म्हणतात, ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होते. ते म्हणाले, "ज्यांना षड्ज लागत नाहीं तीं पोरें चाली लावणार! छान!" आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आमचेंही मत तेंच होतें.

मात्र दादांच्या पाठीमागें भिंतीशीं आमच्या घरची पेटी होती, आणि तिचा इतिहास आम्हां दोघांसही ठाऊक होता. आमच्या वडिलांनीं ती आणली तेव्हां आजोबांनीं तिला माजघरांत येऊं दिलें नाहीं. 'फिरंग्याचा भाता' म्हणून ती ओटीवरच राहिली, ती आजतागायत. आजोबा एकटेच तसे नव्हते. आकाशवाणीनें १९४० च्या मार्चपासून पेटीस आपलें दारच बंद केलें होतें व तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. तेंही तेव्हां किलकिलेंच उघडलें. आणि त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्या पुरुषानें महाराष्ट्रास वेड लावलें होतें! ज्या वाद्यास एका पिढीनें बाटगें म्हटलें त्याच्यावांचून पुढील पिढीचें भजन अडूं लागलें. तेव्हां संगणक हें यंत्र आहे एवढ्याच कारणासाठीं त्यास ओटीवर ठेवावयाचें तर पेटीसही उठवावें लागेल, असें आम्हीं दादांस म्हटलें. दादांनीं वर्तमानपत्राचें पान उलटलें.

पहिल्या दिवशीं आम्ही केवळ कुतूहलानें मागें खुर्ची टाकून बसलों. पुतणीनें जो प्रोग्रॅम उघडला त्याचें नांव सॉनिक पाय. केंब्रिज विद्यापीठांतील सॅम आरन नामक गृहस्थानें तो २०१२ सालीं शाळेंतल्या मुलांसाठींच रचिला आणि तो फुकट मिळतो. त्यांत पेटीसारख्या पट्ट्या नाहींत कीं तारा नाहींत. आज्ञा लिहावयाच्या. 'प्ले' असें लिहून पुढें ६० हा आंकडा घातला कीं मध्य सप्तकांतील पांढरी एक वाजते. ६२ म्हणजे ऋषभ, ६४ म्हणजे गंधार, ६७ म्हणजे पंचम. दोन स्वरांच्या मध्यें किती थांबावयाचें तें 'स्लीप' लिहून सांगावयाचें. एखादी ओळ पुन्हां पुन्हां वाजावयास हवी तर तिच्या भोंवतीं आवर्तनाची आज्ञा लिहावयाची. एक अक्षर चुकलें तर यंत्र गप्प बसतें व कोणत्या ओळींत चूक आहे तें दाखवितें. हें पाहून आम्हांस पाणिनीची आठवण झाली. थोडक्या अक्षरांत आज्ञा, आणि तिचें उल्लंघन झालें कीं सिद्धि नाहीं! मुलें अर्ध्या तासांत सरगमीच्या ओळी लिहूं लागलीं. विशेष म्हणजे वर्गांत ज्यास आम्हीं कधीं सरळ ओळ लिहितांना पाहिलें नाहीं असा आमचा धाकटा नातू विरामचिन्हांच्या बाबतींत एकाएकीं काटेकोर झाला.

येथें एक आडकथा सांगण्याचा मोह आवरत नाहीं. संगणकाकडून अखंड सूर काढून घेणाऱ्या अगदीं पहिल्या मंडळींत एक शाळामास्तर होता. ख्रिस्टोफर स्ट्रेची त्याचें नांव. तो इंग्लंडांत हॅरो येथील शाळेंत शिकवीत असे. १९५१ सालीं मँचेस्टरच्या विद्यापीठांतील प्रचंड यंत्रासाठीं त्यानें एक लांबलचक कार्यक्रम लिहिला व त्याच्या शेवटीं यंत्रानें इंग्लंडचें राष्ट्रगीत वाजविलें. त्या यंत्रास भोंगा होता तो काम संपल्याची सूचना देण्यापुरता. मास्तरानें त्याला गावयास लाविलें. त्याच वर्षीं बी. बी. सी. नें त्या यंत्राच्या वादनाचें ध्वनिमुद्रण केलें तें आजही ऐकावयास मिळतें. मास्तर लोकांस निवृत्तीनंतर कोणी विचारीत नाहीं, म्हणून ही गोष्ट आम्हीं मुद्दाम नमूद केली.

आतां गंधाराकडे येतों. तिसऱ्या दिवशीं शेजारची नववींतली मुलगी (ही बुवांकडे गाणें शिकते, तिचा उल्लेख पुढें पुन्हां येईल) म्हणाली, "ताई, ह्याचा गंधार टोंचतो." पुतणीनें उत्तर दिलें नाहीं. तिनें आमच्या वडिलांचा तंबोरा गवसणींतून काढिला, पांढरी एकच्या षड्जांत मिळविला, आणि मुलांस खरजाच्या तारेशीं कान लावावयास सांगितलें. खर्ज नीट मिळाला असला म्हणजे त्याच्या पोटांतून गंधार आपोआप ऐकूं येतो, हें गाणाऱ्यांस ठाऊक असतें. मग तिनें संगणकाचा ६४ वाजविला. दोन्ही एकदम ऐकतांच फरक आम्हांसही कळला, आणि आमचे कान कांहीं फार तयार आहेत असें नाहीं.

हा फरक कां, तें तिनें फळ्यावर गणित करून दाखविलें. आपल्या संगीतग्रंथांत षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरण्याची रीत आहे. तंबोऱ्यांतला गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३००. परंतु पेटी, पियानो व संगणक ह्यांचें सप्तक बारा अगदीं सारख्या पायऱ्यांत कापलेलें असतें. प्रत्येक पायरी मागच्याच्या सुमारें १.०५९४६ पट, कारण हीच संख्या बारा वेळां घेऊन गुणाकार केला असतां २ येतात. चार पायऱ्या चढून गेलें कीं गंधार ३०० वर न पडतां सुमारें ३०२.४ वर पडतो. धैवताची तऱ्हा अशीच; तो ४०० ऐवजीं सुमारें ४०३.६ होतो. पंचम मात्र ३६० च्या जागीं ३५९.६, म्हणजे जवळजवळ निर्दोष. म्हणूनच पेटीच्या पंचमाबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं व गंधाराबद्दल शंभर वर्षें भांडण चालू आहे.

भांडण शब्दशः शंभर वर्षांहून जुनें आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टरी केलेले गृहस्थ, ह्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यांतले स्वर ऐकून व तारेची लांबी मोजून त्यांनीं आपले आंकडे पडताळले, आणि क्लेमंट्स नांवाच्या सिव्हिलियन इंग्रजाच्या साह्यानें श्रुतींची पेटी तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास जी अखिल भारतीय संगीत परिषद भरली तींत हा विषय निघाला; परंतु पंडित भातखंड्यांस तें श्रुतींचें गणित मान्य नव्हतें. ती पेटी कांहीं घरोघर गेली नाहीं. बावीस श्रुतींसाठीं बावीस पट्ट्या बसवावयाच्या तर सुतारानें तरी काय करावें आणि बोटांनीं तरी काय करावें! अलीकडे डॉ. विद्याधर ओक ह्यांनीं बावीस श्रुतींची पेटी पुन्हां सिद्ध केली आहे, तरी बाजारांतली पेटी अद्याप बारा स्वरांचीच आहे.

देवलांस जें सुतारकामानें साधावयाचें होतें तें ह्या पोरांनीं पडवींत बसून एका दशांश चिन्हानें साधलें. ह्या प्रोग्रॅममध्यें प्रत्येक पायरीचे शंभर भाग कल्पितां येतात. ६४ च्या ऐवजीं ६३.८६ लिहावयाचें, एवढेंच. मुलीनें तसें लिहिलें, तंबोऱ्याबरोबर वाजविलें, आणि गंधार तंबोऱ्यांत असा विरघळला कीं यंत्र वाजतें आहे कीं थांबलें आहे हें क्षणभर कळेना. ओटीवर वर्तमानपत्र खालीं झालेलें आम्हीं पाहिलें.

परंतु सारेंच असें गोड झालें नाहीं. गड्याचा मुलगा बारा वर्षांचा. त्याचा बाप गणपतींत जाखडीस ढोलकी वाजवितो आणि शक्ति-तुऱ्याच्या सामन्यांत त्याचें नांव आहे. पोराच्या बोटांत ती ढोलकी आहे. पुतणीनें त्याचा ठेका ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्यें घातला. त्या प्रोग्रॅमांत ठोके आपोआप सरळ रेषेंत आणून बसविण्याची सोय आहे. ती लावतांच ठेका घड्याळासारखा बिनचूक झाला आणि त्यांतलें नाचणें गेलें. पोरगा गोंधळला, आपलें चुकत होतें असेंच त्याला वाटलें. "माझं वांकडं होतं काय?" असें त्यानें विचारलें तेव्हां आम्हांस वाईट वाटलें. पुतणीनें दोन्ही ठेके एकामागून एक लावून इतर मुलांस विचारलें, पाय कशावर हालतो? आठही जणांचें उत्तर एक आलें. तेव्हांपासून ती सोय बंद. बोलतां बोलतां हेंही सांगून ठेवतों कीं असले बहुतेक प्रोग्रॅम चार-चार मात्रांचे कप्पे आयतेच पाडून देतात. त्रिताल त्यांत सुखानें बसतो, पण झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे विभाग मुलांस स्वतः मांडावे लागले, आणि सहाव्या मात्रेवर काल येतो हें जें बुवांनीं दोन वर्षें सांगून डोक्यांत शिरलें नव्हतें तें मांडतांना शिरलें.

दुसरा प्रसंग आमच्या वहिनींचा. त्यांचें वय ब्याऐंशी. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांस पुष्कळ येतात. आमच्या नातवानें हौसेनें त्यांच्या चार ओव्या मुद्रित केल्या आणि मग, कोणास न विचारतां, स्वर सुधारण्याची कळ दाबली. ह्या युक्तीचा मूळ जनक अँडी हिल्डेब्रँड हा अमेरिकन. पृथ्वीच्या पोटांत कंपनें सोडून खनिज तेल कोठें आहे हें हुडकण्याचें गणित त्याचें, आणि त्याच विद्येच्या बळावर १९९७ सालीं त्यानें गवयांचे चुकलेले स्वर जागेवर आणणारी ऑटोट्यून नांवाची करामत बाजारांत आणली. आज बाजारांतल्या गाण्यांवर तिचा हात फिरलेला नाहीं असें गाणें विरळा. तर नातवानें ती सुधारलेली ओवी आजीस ऐकविली. वहिनी शांतपणें ऐकून म्हणाल्या, "छान म्हणते हो ही बाई. कोण रे?" पोराचा चेहरा उतरला. मूळ ध्वनिमुद्रण सुदैवानें शिल्लक होतें. जात्याच्या फेऱ्याबरोबर त्यांचा जो स्वर थोडा चढतो व उतरतो, तो दोष म्हणून यंत्रानें पुसून टाकला होता. आणि नेमक्या त्याच ठिकाणीं आम्हांस आमच्या लहानपणींची पहांट ऐकूं येते. आमच्या वाचक-भगिनींस एवढीच विनंति कीं घरांत जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याचीं गाणीं येणारी कोणी वडीलधारी असेल तर मुलांकडून तिचा आवाज टिपून घ्यावा, आणि त्या फाईलीस कोणी हात लावूं नये. सुधारावयाची असेल तर प्रत काढून ती सुधारावी.

आतां बुवा. गांवांत आमच्या पडवीची बातमी पसरावयास वेळ लागत नाहीं. नववींतल्या मुलीच्या वडिलांस बुवांनीं निरोप पाठविला कीं हें किंवा तें, एक काय तें निवडा. गोष्ट साधी नव्हती. दहावीस शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्या आशेनें वडिलांनीं मुलीस शिकवणी लाविलेली. आणि मुलगी तर म्हणूं लागली होती कीं परीक्षेचें गाणें सोडतें व हेंच करतें. वडील चिंतातुर होऊन आमच्याकडे आले. ज्या पुतणीस बुवांनीं शिकविलें तीच त्यांचे विद्यार्थी पळविते आहे, असा बोभाटा होण्याची वेळ आली. शेवटीं आम्हीच बुवांच्या घरीं गेलों.

बुवा म्हणाले, "मास्तर, तुम्ही 'रामः रामौ रामाः' पाठ नसलेल्या मुलास श्लोक रचूं द्याल का?" प्रश्न वर्मीं लागणारा होता. आम्हीं उत्तर देण्यापूर्वीं पुष्कळ वेळ घेतला. कारण खरें उत्तर असें आहे कीं आम्हीं पस्तीस वर्षें रूपें पाठ करून घेतलीं, परीक्षेंत शेंकडा नव्वदांवर गुण मिळविणारीं मुलें दर वर्षीं काढलीं, आणि त्यांतल्या एकानेंही शाळा सोडल्यानंतर एक वाक्य संस्कृतांत स्वतःहून लिहिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं त्यांस कधीं लिहूंच दिलें नाहीं. आधीं रूपें पक्कीं होऊं देत, मग पाहूं, असें म्हणतां म्हणतां मार्च महिना येई. हें आम्हीं बुवांपाशीं कबूल केलें. त्यांस तें अनपेक्षित असावें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत.

मग आम्हीं त्यांस पुतणीकडून ऐकलेली लखनौची हकीकत सांगितली. १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. उस्ताद अफाक हुसेन खां हे लखनौ घराण्याचे खलिफा. त्यांच्याजवळ तबला शिकणारे जेम्स किपेन व त्यांचे सहकारी बर्नार्ड बेल ह्यांनीं अॅपल कंपनीच्या लहानशा संगणकासाठीं बोल प्रोसेसर नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. उस्तादांच्या कायद्यांचे नियम यंत्रास शिकवावयाचे, यंत्रानें त्या नियमांतून नवे पलटे काढावयाचे, आणि उस्तादांनीं एकेक पाहून हा चालेल, हा चालणार नाहीं असें सांगावयाचें. म्हणजे यंत्र शागीर्दाच्या जागीं व गुरु गुरूच्याच जागीं. बुवा म्हणाले, "आणि त्यांतले किती चालले?" आम्हांस तें सांगतां आलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बुवा काठी टेंकीत पडवींत हजर झाले.

त्या दिवशीं मुलीनें स्वतः केलेली चाल लावली. सा, रे, ग, प, ध, एवढेच पांच स्वर. गंधार व धैवत तंबोऱ्याशीं जुळवून घेतलेले. चाल चांगली होती. बुवांनीं विचारलें, "राग कोणता?" ती म्हणाली, "भूप." बुवा म्हणाले, "भूप कशावरून? देशकार कां नव्हे?" मुलगी गडबडली. संगणकाच्या यादींत हे पांच स्वर एकाच नांवाखालीं आहेत. भूप व देशकार असा भेद यंत्रास ठाऊक नाहीं. बुवांनीं तंबोरा पुढें ओढला व आधीं भूपाचा आलाप केला, गंधारावर येऊन विसावणारा; मग देशकाराचा, धैवतापासून निघून उत्तरांगांत वावरणारा. पडवींत तेव्हां वीज गेलेली होती, पंखे बंद, बाहेर वळवाचा पाऊस, आणि लॅपटॉपच्या उजेडांत आठ मुलें तोंड उघडें टाकून ऐकत होतीं. तेच पांच स्वर, आणि सकाळ-संध्याकाळचें अंतर! मुलीनें आपली चाल पुन्हां वाचून पाहिली. तिची चाल अर्धी भूप व अर्धी देशकार होती, हें तिचें तिनेंच सांगितलें.

बुवांनीं दोन अटी घातल्या. रोज यंत्रास हात लावण्यापूर्वीं अर्धा तास तंबोऱ्यावर षड्ज. आणि जी चाल यंत्रावर केली ती करणारानें गळ्यानें म्हणून दाखवावी. दुसरी अट ऐकतांच पोरांत खसखस पिकली, कारण मुलीच्या चालींत एका उडींत दोन सप्तकें ओलांडलीं होतीं. यंत्रास दम लागत नाहीं. तिनें बसून ती उडी तोडली, मधें श्वासास जागा केली, आणि तिसऱ्या दिवशीं म्हणून दाखविली. आमच्या मतें पहिलीहून दुसरी सरस झाली. पुतणीचें मत उलट आहे. ती म्हणते, गळ्यास न झेपणारें गाणेंही असूं शकतें, आणि तें करावयास यंत्राहून चांगली जागा नाहीं. ह्यावर तिचें व बुवांचें एकमत झालेलें नाहीं.

पुतणी पुण्यास परत गेली; एक लॅपटॉप पडवींत ठेवून गेली. मुलीची शिकवणी व परीक्षा दोन्ही चालू आहेत. परवां बुवा आले असतां तिनें त्यांस देशकाराचा धैवत किती ठेवूं म्हणून विचारलें. गणितानें तो ६८.८४ येतो. बुवा म्हणाले, "आंकडा मला विचारूं नकोस, वाजव." ती एकेक शतांश वरखालीं करीत गेली आणि बुवांनीं मान डोलावतांच तिनें तो आंकडा वहींत टिपला. दुसऱ्या दिवशीं तोच आंकडा ऐकविला तर बुवा म्हणाले, "हा कालचा नव्हे." मुलीनें वही पुढें केली. बुवांनीं वहीकडे पाहिलें नाहीं, म्हणाले, "पुन्हां शोध." वहींत आतां तीन आंकडे झाले आहेत.